खिडकीजवळची जागा : चिकाना कादंबरीतील वाढत्या मुलींचा प्रतिकार आणि अस्मिता

— द्वितीय वर्ष, कला शाखा

“तू राहतेस कुठे?” हा प्रश्न तसा साधा. पण तो कोण विचारतो आणि कोणत्या स्वरात विचारतो, यावर उत्तर देणाऱ्याची मान वर राहणार की खाली जाणार हे ठरते. सँड्रा सिस्नेरोस या लेखिकेच्या ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ या कादंबरीच्या आरंभीच असा एक प्रसंग आहे. शिकागो शहरातील एका पडक्या इमारतीपुढे एक लहान मुलगी खेळत असते. तिच्या शाळेतील एक नन तेथून जाताना तिला घर विचारते. मुलगी तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवते. तेथे रंगाचे पोपडे निघालेले आहेत, आणि पोरे खाली पडू नयेत म्हणून वडिलांनी खिडक्यांना लाकडी पट्ट्या ठोकल्या आहेत. नन आश्चर्याने विचारते, इथे राहतेस? तेवढ्याने त्या मुलीला आपण कोणीच नाही असे वाटते.

हा प्रसंग मी ग्रंथालयात वाचला आणि पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. मागे एका कचेरीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ‘वडिलांचे शिक्षण’ या रकान्यात मी ‘नाही’ आणि ‘आईचे शिक्षण’ या रकान्यात ‘चौथी’ असे लिहिले होते. खिडकीपलीकडून प्रश्न आला होता, “एवढंच?” आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे हजारो मैलांवरच्या त्या मुलीची खाली गेलेली मान मला परकी वाटली नाही. पण नुसत्या ओळखीवर थांबणे बरे नाही. ती मुलगी कोणत्या समाजातील आहे, तिच्यापुढे कोणत्या भिंती आहेत आणि ती त्यांना कशी टक्कर देते, हे समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखात तसा अल्प प्रयत्न केला आहे.

‘चिकाना’ म्हणजे कोण?

१८४६ साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध सुरू झाले. २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालूपे हिदाल्गोचा तह झाला आणि आजची कॅलिफोर्निया, नेवाडा व युटा ही राज्ये, तसेच ॲरिझोना, न्यू मेक्सिको व कोलोरॅडो यांचा बराच भाग मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. टेक्सास १८४५ सालीच अमेरिकेत सामील झाले होते. या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी स्पॅनिश बोलणारी माणसे जागची न हलता दुसऱ्या देशात गेली. आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आमच्या अंगावरून गेली, असे त्यांचे वंशज म्हणतात ते यामुळेच. तहात त्यांना नागरिकत्वाची आणि मालमत्तेची हमी होती. परंतु पुढील काही दशकांत अनेकांच्या जमिनी कोर्टकचेऱ्यांत आणि कागदपत्रांच्या घोळात गेल्या. विसाव्या शतकात शेते, रेल्वे आणि कारखाने यांतील कष्टाच्या कामांसाठी मेक्सिकोतून आणखी माणसे येत राहिली.

‘चिकानो’ हा शब्द आधी हिणवण्यासाठी वापरला जाई. १९६०च्या दशकात तरुणांनी तोच शब्द उचलून छातीवर मिरवला. सेझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्ता यांनी १९६२ साली शेतमजुरांची संघटना उभी केली. १९६५ साली कॅलिफोर्नियातील डेलानो येथे फिलिपिनो मजुरांनी द्राक्षमळ्यांत संप पुकारला, त्यात ही संघटना उतरली आणि तो लढा १९७० पर्यंत चालला. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. आमचा इतिहास आम्हाला शिकवा, आमच्या भाषेचा मान राखा, या त्यांच्या मागण्यांपैकी होत्या. स्पॅनिशमध्ये शब्दालाही लिंग असते. ‘चिकानो’ हे पुल्लिंगी रूप, ‘चिकाना’ हे स्त्रीलिंगी. हा केवळ व्याकरणाचा फरक नव्हता, हे पुढे स्त्रियांनीच दाखवून दिले.

घराबाहेरची भिंत आणि घरातली भिंत

चळवळीत स्त्रिया होत्या. मोर्चात होत्या, संपात होत्या, तुरुंगातही गेल्या. परंतु सभा संपली की स्वयंपाक आणि टंकलेखन त्यांच्याकडे, आणि निर्णय पुरुषांकडे, असा अनुभव अनेकींना आला. त्याविषयी बोलावे तर उत्तर ठरलेले : आधी सर्वांचा लढा, बायकांचे प्रश्न मागाहून. १९७१ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी ‘इहास दे क्वाउतेमोक’, म्हणजे ‘क्वाउतेमोकच्या लेकी’, या नावाचे वृत्तपत्र काढले. त्याच वर्षी ह्यूस्टन येथे चिकाना स्त्रियांची राष्ट्रीय परिषद भरली. त्यांना आपल्यांतल्याच काहींकडून गोऱ्या बायकांचे अनुकरण करणाऱ्या, फितूर, अशी दूषणे मिळाली.

फितुरीच्या आरोपामागे एक जुनी कथा आहे. १५१९ साली स्पॅनिश सेनानी कोर्तेस मेक्सिकोत उतरला तेव्हा मालिन्चे नावाची एक देशी तरुणी त्याची दुभाषी बनली. ती त्याला गुलाम म्हणून देण्यात आली होती, हे विसरून लोकांनी तिला देश विकणारी ठरवले. मेक्सिकन घरातील मुलीपुढे दोन मूर्ती ठेवल्या जात. एक ग्वादालूपेची पवित्र माता आणि दुसरी ही मालिन्चे. जी सोसते ती देवी आणि जी बोलते ती फितूर. चिकाना लेखिकांनी मालिन्चेची कथा नव्याने तपासली. जिला कोणी विचारले नाही, जिला वस्तूसारखी देऊन टाकली, तिनेच विश्वासघात केला असे कसे म्हणता येईल, असा त्यांचा सवाल होता.

म्हणजे चिकाना मुलीपुढे भिंती दोन. बाहेर तिचा वर्ण, भाषा आणि गरिबी हिणवणारा समाज. आणि घरात तिच्या मुलगीपणाला कुलूप लावणारा आपलाच माणूस. बाहेरच्याशी भांडावे तर घर हवे, आणि घराशी भांडावे तर बाहेरचे लोक टाळ्या पिटणार. या पेचातून या कादंबऱ्या जन्माला आल्या आहेत.

जडणघडणीची कादंबरी

पाश्चात्त्य वाङ्मयात नायकाच्या बालपणापासून प्रौढपणापर्यंतच्या घडणीची कथा सांगणारा एक कादंबरीप्रकार आहे. ग्योथेची १७९५-९६ मधील ‘विल्हेल्म माइस्टर’ हा त्याचा आदर्श मानला जातो. अशा कादंबरीत तरुण घर सोडतो, ठेचा खातो, शहाणा होतो आणि शेवटी समाजात आपली जागा पटकावतो. ती जागा त्याच्यासाठी आधीच राखलेली असते. त्याने फक्त तेथवर पोचायचे असते.

चिकाना मुलीसाठी अशी जागा कोणी राखलेली नाही. तिच्यासाठी राखलेली एकच जागा आहे, ती खिडकीजवळची. म्हणून तिच्या घडणीची कथा वेगळ्या वळणाने जाते. तिला जागा शोधायची नसून तयार करायची असते.

सिस्नेरोस यांचा स्वतःचा अनुभव येथे लक्षात घेण्याजोगा आहे. त्यांचा जन्म १९५४ साली शिकागोत झाला. सहा भावांत त्या एकट्या बहीण. वडील खुर्च्या-कोच मढवण्याचे काम करीत. पुढे त्या आयोवा येथील प्रसिद्ध लेखन-अभ्यासक्रमात शिकायला गेल्या. तेथे एके दिवशी फ्रेंच विचारवंत बाशलार यांच्या ग्रंथावर चर्चा चालली होती. घर, माळा, जिना, तळघर यांच्याशी जडलेल्या बालपणीच्या स्मृती हा विषय. सगळे विद्यार्थी आपापल्या घरांविषयी बोलत होते, आणि सिस्नेरोस यांना वाटले की आपल्याकडे असे घरच कधी नव्हते. आधी लाज वाटली, मग राग आला. आणि त्यातूनच त्यांना उमगले की जे या वर्गातील कोणालाही लिहिता येणार नाही ते आपल्याला लिहिता येईल. १९८४ साली ह्यूस्टनच्या आर्ते पुब्लिको या छोट्या प्रकाशनसंस्थेने ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ प्रसिद्ध केली. वर्गात जी उणीव वाटली होती तीच पुस्तकाचा विषय झाली.

एस्पेरान्साच्या खिडक्या

या कादंबरीत चव्वेचाळीस लहान लहान प्रकरणे आहेत. काही तर पानभराचीच. कामावरून थकून आलेल्या माणसालाही कोणतेही पान उघडून वाचता यावे, अशी आपली इच्छा होती, असे लेखिकेने सांगितले आहे. नायिकेचे नाव एस्पेरान्सा कोर्देरो. ‘एस्पेरान्सा’ म्हणजे आशा. पण स्पॅनिशमध्ये आशा करणे आणि वाट पाहणे या दोन्हींसाठी क्रियापद एकच आहे. आपल्याकडे ‘आस लावून बसणे’ म्हणतात त्यात हे दोन्ही अर्थ जवळ येतात. एस्पेरान्साला या नावातील बसण्याचीच भीती वाटते.

कारण हे नाव तिच्या पणजीचे आहे. पणजी रानघोडीसारखी अवखळ, लग्नाला तयार नव्हती. पणजोबाने तिच्या डोक्यावर पोते टाकून तिला उचलून नेले. त्यानंतर ती जन्मभर खिडकीत बसून बाहेर पाहत राहिली. पणती म्हणते, नाव मला वारशाने मिळाले, पण खिडकीजवळची ती जागा मला नको. माझ्या मते सगळ्या कादंबरीची किल्ली येथे आहे. परंपरा पूर्ण टाकायची नाही आणि पूर्ण घ्यायचीही नाही. काय घ्यायचे आणि काय नाही हे आपण ठरवायचे. पुढे ती स्वतःला एक नवे, विचित्र नाव ठेवून पाहते ते या हक्कापोटीच.

मग एकेक करून गल्लीतील खिडक्या उघडू लागतात. राफाएला फार सुंदर, म्हणून नवरा दर मंगळवारी सोंगट्या खेळायला जाताना तिला कोंडून जातो. ती खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडते आणि मुलांकडून नारळाचा नाहीतर पपईचा रस मागवते. मिनर्व्हा एस्पेरान्सापेक्षा थोडीच मोठी. तिला दोन मुले, आणि नवरा निघून जातो, परत येतो, पुन्हा जातो. ती रात्री चिठोऱ्यांवर कविता लिहिते. सॅलीला बाप मारतो. त्या मारातून सुटण्यासाठी ती आठवीच्या आतच लग्न करून जाते, आणि नव्या घरी नवरा तिला खिडकीबाहेर पाहूही देत नाही. मारातून सुटण्यासाठी लग्न आणि लग्नात पुन्हा कोंडमारा, हे चक्र लेखिका कोणतेही भाष्य न करता दाखवते. भाष्याची गरजही राहत नाही.

एका प्रकरणात जत्रेच्या गर्दीत सॅलीची वाट पाहत असताना एस्पेरान्सावर अत्याचार होतो. तो प्रसंग तुटक वाक्यांत येतो. तिचा राग अत्याचार करणाऱ्यापुरता राहत नाही. प्रेमाविषयी खोटे सांगणाऱ्या मैत्रिणींवर, गोष्टींवर, मासिकांवरही ती चिडते. मुलींना सत्य न सांगणे हाही त्यांच्यावरचा अन्यायच, ही जाणीव येथे आहे.

तिचा प्रतिकार मात्र घोषणांचा नाही. एके दिवशी जेवण झाल्यावर ती पुरुषांसारखी उठते, खुर्ची जागेवर सारत नाही, ताटही उचलत नाही. बस, एवढेच. ज्या घरात हे काम कोणाचे हे जन्मतःच ठरलेले असते, तेथे न उचललेले ताट किती मोठे बंड असते, हे मुलींना समजावून सांगावे लागत नाही.

तिच्यापुढे दुसरेही एक उदाहरण आहे. आलिसियाची आई वारली आहे. पहाटे उठून ती मक्याच्या पोळ्या करते आणि दोन गाड्या व एक बस बदलून विद्यापीठात जाते. आयुष्य कारखान्यात किंवा लाटण्यामागे जाऊ नये, एवढेच तिला हवे आहे. रात्री अभ्यास करताना तिला उंदीर दिसतात. बाप म्हणतो, उंदीर नाहीतच, तुला नुसते भास होतात. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलीचे असे प्रामाणिक चित्र माझ्या वाचनात फारसे आलेले नाही.

एस्त्रेयाची पहार

याच परंपरेतील दुसरी कादंबरी हेलेना मारिया विरामोन्तेस यांची ‘अंडर द फीट ऑफ जीझस’, १९९५ सालची. ती सेझर चावेझ यांच्या स्मृतीलाही अर्पण केलेली आहे. नायिका एस्त्रेया तेरा वर्षांची. नावाचा अर्थ तारका. तिचे कुटुंब कॅलिफोर्नियातील मळ्यांवर पिकामागून पीक हिंडणारे. शाळेत बाईंचे लक्ष तिच्या प्रश्नांकडे नव्हते, नखांतल्या मळाकडे होते. तिला वाचण्याची गोडी लागते ती पेर्फेक्तो या वृद्ध कारागिराच्या हत्यारांच्या पेटीतून. प्रत्येक हत्याराचे नाव आणि काम कळू लागते, तेव्हा अक्षरांचेही तसेच असते हे तिला कळते.

आलेहो नावाचा मजूर मुलगा झाडावर असताना विमानातून कीटकनाशक फवारले जाते आणि तो आजारी पडतो. दवाखान्यातील परिचारिका त्याला मोठ्या रुग्णालयात न्या एवढेच सांगते आणि त्याचे पैसे घेते. कुटुंबाजवळ उरलेले सगळे नऊ डॉलर आणि सात सेंट त्यात जातात. आता गाडीत पेट्रोल कशाने घालायचे? पेर्फेक्तो तेथील दुरुस्तीची कामे करून देतो म्हणतो, तेही नाकारले जाते. तेव्हा एस्त्रेया गाडीतून पहार आणते, मेजावर हाणते आणि आपले पैसे परत घेते. आपल्या हाडांच्या श्रमावर या लोकांचे सगळे चालते, तर देणे नक्की कोणाचे कोणाला, हा प्रश्न तिला पडलेला असतो.

कादंबरीच्या नावाचा संबंध तिच्या आईच्या एका सूचनेशी आहे. अधिकाऱ्यांनी अडवले तर घाबरू नकोस, जन्माचे दाखले येशूच्या मूर्तीच्या पायाखाली ठेवले आहेत, असे आई सांगते. ज्या देशात जन्म झाला तेथेच जन्माचा पुरावा जपून ठेवावा लागतो! १८४८ साली अंगावरून गेलेली सीमा दीडशे वर्षांनंतरही त्या घरातून गेलेली नाही.

भाषेचा प्रश्न

अस्मितेचा सर्वांत नाजूक धागा भाषेचा. ग्लोरिया अँझाल्दुआ (१९४२-२००४) या टेक्सासच्या सीमाभागात वाढल्या. लहानपणी शाळेच्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना सापडल्या म्हणून त्यांना हातावर पट्टी खावी लागली, आणि पुढे विद्यापीठात उच्चारांतील स्पॅनिश वळण घालवण्याचे वर्ग सक्तीचे होते. १९८७ सालच्या ‘बॉर्डरलँड्स’ या ग्रंथात त्यांनी इंग्रजी आणि स्पॅनिश एकत्र वापरल्या, आणि अनेक ठिकाणी भाषांतर दिले नाही. जन्मभर आम्ही तुमची भाषा समजून घेतली, आता थोडे कष्ट तुम्हीही घ्या, असा त्याचा अर्थ मी घेते. सिस्नेरोस यांच्या कादंबरीचे समर्पण स्त्रियांना आहे आणि ते दोन्ही भाषांत आहे.

परंतु भाषेचा अभिमानही एकेरी नाही. मँगो स्ट्रीटवरील एक लठ्ठ बाई इंग्रजी शिकायला तयार नाही. खिडकीत बसून मायदेशाची गाणी गाते, आणि तिचे तान्हे पोर दूरदर्शनवरील इंग्रजी जाहिरात गुणगुणू लागते तेव्हा तिला रडू फुटते. एक भाषा तिला कोंडते आणि दुसरी तिचे मूल हिरावून नेते. लेखिका तिला हसत नाही आणि तिची पूजाही बांधत नाही.

जाणे आणि परतणे

‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’वर काही चिकानो समीक्षकांनी एक आक्षेप घेतला. एस्पेरान्साला स्वतःचे, फक्त स्वतःचे घर हवे आहे. ती आपली वस्ती टाकून अमेरिकन सुखस्वप्नामागे धावते, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही, कारण शिकलेल्या प्रत्येक मुलामुलीवर तो येतो. शिकलीस, आता तू आमची राहणार नाहीस, हे वाक्य कोणी तोंडावर म्हणते, कोणी म्हणत नाही.

मला मात्र तो पटत नाही. एका बाळाच्या मृत्यूनंतर गल्लीत तीन वृद्ध बहिणी येतात. त्या एस्पेरान्साचा हात पाहून सांगतात की तू दूर जाशील, पण ज्यांना तुझ्याइतक्या सहज बाहेर पडता येणार नाही त्यांच्यासाठी परत ये. आलिसियाही तिला बजावते की आवडो वा न आवडो, ही गल्ली म्हणजे तूच. एस्पेरान्सा चिडते; कोणीतरी ही गल्ली आधी चांगली करावी, मग येईन म्हणते. पण कोणीतरी म्हणजे कोण? नगरपाल तर येणार नाही! अखेरीस तिला कळते की जाणे हा परत येण्याचाच एक मार्ग आहे. ती राफाएलाचे, मिनर्व्हाचे, सॅलीचे लिहिते, तेव्हाच ती परतलेली असते. आपण हातात धरलेले पुस्तक हेच तिचे परतणे.

या कादंबऱ्यांचे मर्म मला येथे दिसते. त्यांतील अस्मिता एकटीने मिळवायची पदवी नाही. ती मागे राहिलेल्यांच्या देण्यासह येते. ते देणे विसरून जो मोठा होतो तो फक्त सुटतो, आणि ते देणे दाखवून कोणी खिडकीतच बसवू लागले तर त्याला नकार द्यावा लागतो. या दोहोंमधून वाट काढणे म्हणजेच या मुलींचे वयात येणे.

अशा पुस्तकांची धास्तीही काहींना वाटली. ॲरिझोना राज्याने २०१० साली केलेल्या कायद्याचा आधार घेऊन टुसान शहरातील शाळांमधील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम २०१२ साली बंद पाडण्यात आला. त्याच वर्षी काही लेखक-कार्यकर्ते स्वतःला ‘पुस्तक-तस्कर’ म्हणवीत ह्यूस्टनहून अशी पुस्तके भरून टुसानला घेऊन गेले. २०१७ साली न्यायालयाने ती कारवाई वंशद्वेषातून झाल्याचे आणि विद्यार्थ्यांच्या घटनात्मक हक्कांचा भंग करणारी असल्याचे ठरवले. ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ आज वीसहून अधिक भाषांत गेली आहे.

शेवटी आणखी एका प्रकरणाविषयी लिहिते. एस्पेरान्साची आई हुशार आहे. तिला दोन भाषा येतात, ती ऑपेरा गाते, बिघडलेला टीव्ही दुरुस्त करते. पण शहरात जायला कोणती गाडी पकडायची हे तिला ठाऊक नाही. शाळा तिने अर्धवट सोडली, कारण अंगावर घालायला चांगले कपडे नव्हते. बुद्धी होती, पण लाजेने मागे ओढले, असे ती स्वयंपाक करता करता लेकीला सांगते.

माझी आई चौथीनंतर शाळेत का गेली नाही, हे विचारले की ती “मलाच कंटाळा आला” म्हणायची. गेल्या दिवाळीत मी तिला ही गोष्ट मराठीतून सांगितली. तिने चुलीतले लाकूड पुढे सारले आणि म्हणाली, “माझ्या झग्याला पाठीवर ठिगळ होतं. पोरी हसायच्या.” इतकी वर्षे मला हे माहीत नव्हते. मग थोड्या वेळाने तिने विचारले, “त्या पोरीनं पुढं आईला गाडीत बसायला शिकवलं का न्हाई?”

मी म्हटले, पुस्तकात तसे काही लिहिलेले नाही.

“मग ते तू बघ,” ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.